छायाचित्र-संग्रह आणि शोधशब्द

शासकीय कार्यालये, ग्रंथालये, शिक्षणसंस्था आणि सांस्कृतिक मंडळे यांच्याजवळील छायाचित्रांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढली आहे. फिल्मच्या काळात एका रिळात छत्तीस छायाचित्रे निघत. त्यामुळे छायाचित्रकार प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेई आणि छापील प्रतीच्या मागे प्रसंग, स्थळ, दिनांक व व्यक्तींची नावे यांची टंकलिखित चिठ्ठी चिकटविण्याचा प्रघात अनेक ठिकाणी होता. आता तासाभराच्या समारंभात दोन-तीनशे छायाचित्रे सहज घेतली जातात; परंतु त्या चिठ्ठीची जागा बहुतेक ठिकाणी रिकामीच राहिली आहे. कॅमेऱ्याने दिलेला चार आकडी क्रमांक हेच त्या छायाचित्राचे नाव, आणि तो क्रमांक कोणत्या प्रसंगाचा हे केवळ त्या दिवशी हजर असलेल्या कर्मचाऱ्याला ठाऊक, अशी स्थिती अनेक कार्यालयांत आढळते.

त्या कर्मचाऱ्याची बदली झाली किंवा तो सेवानिवृत्त झाला, म्हणजे छायाचित्र संग्रहात असूनही हरवल्यासारखेच होते. चित्रात माणसे दिसतात, पण ती कोण हे चित्र सांगत नाही. ते जाणणारी व्यक्तीच सांगू शकते. म्हणून ती ओळख वेळीच शब्दांत उतरवून छायाचित्राशी कायमची जोडून ठेवणे, हा संग्रहाच्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. अशा शब्दांना शोधशब्द म्हणतात. संगणकाच्या व्यवहारात त्यांनाच टॅग हे नाव रूढ झाले आहे. शोधशब्दांची निवड कशी करावी, त्यांत एकवाक्यता कशी राखावी आणि ते कोठे नोंदवावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फोल्डरची मर्यादा

संग्रह लावण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे फोल्डर करणे. वर्षाचा एक फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात कार्यक्रमाचा, अशी ही मांडणी उपयुक्त आहे आणि ती सोडून देण्याचे कारण नाही. तथापि तिला एक मर्यादा आहे. छापील छायाचित्र ज्याप्रमाणे एकाच अल्बममध्ये लावता येते, त्याप्रमाणे फाइलही एकाच फोल्डरमध्ये ठेवता येते. एकाच छायाचित्रात मंत्रिमहोदय, ग्रंथपाल आणि नवी वास्तू असे तीन विषय असतील, तर ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावयाचे? तिन्ही ठिकाणी प्रती ठेवल्या तर संग्रह फुगतो आणि पुढे कोणती प्रत मूळ हे कळेनासे होते.

शोधशब्दांनी ही अडचण दूर होते. फाइल एकाच ठिकाणी राहते. पण तिला जोडलेल्या प्रत्येक शब्दाने ती शोधता येते. फोल्डर हे छायाचित्र ठेवण्याचे ठिकाण आहे, तर शोधशब्द हे तेथपर्यंत पोहोचण्याचे अनेक रस्ते आहेत.

ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असे मात्र नाही. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातील ख्यातनाम छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अनेक छायाचित्रांवर क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संग्रहात आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर अशा संग्रहाचा अभ्यास होऊ शकतो, त्यामागे चित्रांच्या गुणवत्तेइतकाच त्या नोंदींचाही वाटा आहे.

चिक्कडपल्लीचे उदाहरण

हा विषय एका प्रत्यक्ष स्थळावरून समजून घेणे सोयीचे होईल. हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली ही गजबजलेली वस्ती त्यासाठी योग्य आहे. येथे नगर केंद्रीय ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या शेकडो तरुणांची तेथे रोज ये-जा असते. येथेच श्री त्यागराय गानसभा आहे. संगीत, नृत्य, नाटक आणि सत्कार यांचे कार्यक्रम तिच्या सभागृहांत सतत होत असतात. जवळच आर.टी.सी. चौरस्ता हा चित्रपटगृहांसाठी प्रसिद्ध असलेला भाग आहे. लगतच्या नारायणगुड्यात केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेली शिक्षणसंस्था आहे. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतही मराठी कुटुंबांची वस्ती कित्येक पिढ्यांची आहे.

समजा, हैदराबादमधील एखाद्या मराठी मंडळाने गानसभेच्या सभागृहात नाट्यप्रयोग केला, त्यानंतर ज्येष्ठ कलावंतांचा सत्कार झाला आणि त्याची अडीचशे छायाचित्रे घेण्यात आली. दहा वर्षांनी ही छायाचित्रे पाहणाऱ्याला काय दिसेल? व्यासपीठ, पडदा, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि हात जोडून उभी असलेली माणसे. या सभागृहातील बहुतेक सत्कारसमारंभांची छायाचित्रे थोड्याफार फरकाने अशीच दिसणार. मागील फलकाचा अर्धा भाग पाहुण्यांनी झाकलेला आणि उरलेला भाग तेलुगू लिपीत असेल, तर ती लिपी न जाणणाऱ्याला त्याचाही आधार मिळणार नाही. अशा वेळी उपयोगी पडतील ते केवळ त्या दिवशी लिहून ठेवलेले शब्द.

पाच प्रश्नांची उत्तरे

कोणते शब्द लिहावेत, हा पुढचा प्रश्न. ग्रंथालयशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. कोणताही विषय एकाच नावाच्या कप्प्यात न कोंबता त्याचे निरनिराळे पैलू वेगळे करावेत, हे तिचे सूत्र होते. पुढे त्यांनी व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल असे पाच मूलभूत पैलू निश्चित केले. छायाचित्रांच्या बाबतीत हेच सूत्र पाच साध्या प्रश्नांच्या रूपाने वापरता येते: कोण, काय, कोणती क्रिया, कोठे आणि केव्हा.

वरील प्रसंगातील एका छायाचित्राला या रीतीने पुढील शोधशब्द देता येतील. कोण: मंडळाचे नाव आणि ओळखलेल्या प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव. काय: मराठी रंगभूमी, ज्येष्ठ कलावंत. क्रिया: सत्कार. कोठे: श्री त्यागराय गानसभा, चिक्कडपल्ली, हैदराबाद, तेलंगणा. केव्हा: वर्ष, महिना, दिवस. या आठ-दहा शब्दांनी ते छायाचित्र पुरेसे बांधले जाते. मंडळाच्या इतिहासाचे काम करणारा संपादक, रंगभूमीचा अभ्यासक आणि आपल्या आजोबांचे चित्र शोधणारी नात, हे तिघेही निरनिराळ्या शब्दांनी त्याच चित्रापर्यंत पोहोचू शकतील.

शोधशब्दांबरोबर दोन-तीन वाक्यांचा परिचयमजकूरही लिहावा. शोधशब्द चित्र शोधून देतात. चित्रात काय घडत आहे हे मजकूर सांगतो. समूहचित्रात नावे नेहमी डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार द्यावीत. एखादी व्यक्ती ओळखता आली नाही तर तिची जागा न वगळता ‘डावीकडून तिसरे, नाव अज्ञात’ असे लिहावे. जागा वगळल्यास पुढील सर्व नावे एकेका माणसाने सरकतात आणि चुकीची नोंद छापली जाते.

चित्रात दिसणारी प्रत्येक वस्तू शोधशब्द म्हणून घेण्याचा मोह मात्र टाळावा. माणूस, खुर्ची, पडदा, माईक असे शब्द शेकडो चित्रांना लागू पडतात आणि शोध घेणाऱ्यापुढे निरुपयोगी ढीग उभा करतात. एखाद्याने हे चित्र पाहावे म्हणून तो कोणता शब्द घेऊन येईल, हा विचार निवडीला पुरेसा आहे.

नावांची एकवाक्यता

शोधशब्द दिले तरी ते प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे लिहिले तर संग्रहात नवा गोंधळ निर्माण होतो. एकजण चिक्कडपल्ली लिहितो, दुसरा चिकडपल्ली, तिसरा चिक्कडपल्लि. रोमन लिपीतही या नावाची दोन-तीन रूपे प्रचारात आहेत. हैदराबाद आणि हैद्राबाद यांचीही तीच गत. वाचणाऱ्याला ही रूपे एकच वाटतात. अक्षरांची तंतोतंत जुळणी पाहणाऱ्या संगणकाला मात्र ती निरनिराळी नावे होत. परिणामी एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपाखालील छायाचित्रे समोर येत नाहीत, आणि ती अस्तित्वातच नाहीत असा समज होतो.

यासाठी प्रत्येक संग्रहाने मान्य शब्दांची सूची करणे अगत्याचे आहे. एका गोष्टीसाठी एकच मान्य रूप ठरवावे आणि इतर रूपांपुढे ‘पाहा’ असे लिहून मान्य रूपाकडे निर्देश करावा. ही सूची साध्या वहीतही ठेवता येते. तिचे पालन सर्वांनी करणे महत्त्वाचे.

स्थळनामांच्या बाबतीत काळाचाही विचार करावा लागतो. चिक्कडपल्ली जागची हललेली नाही. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ती हैदराबाद राज्यात होती, त्यानंतर आंध्र प्रदेशात आली आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. महाराष्ट्रात २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव, तर २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. जुन्या छायाचित्राच्या परिचयमजकुरात त्या वेळचे नाव कायम ठेवावे. शोधशब्दांत मात्र जुने आणि नवे अशी दोन्ही नावे द्यावीत. असे न केल्यास आज शाळेत असलेल्या मुलाला उद्या १९७२ च्या दुष्काळाची उस्मानाबाद जिल्ह्यातील छायाचित्रे धाराशिव या नावाने मिळणार नाहीत. याउलट एकच नाव दोन स्थळांना असते. हैदराबाद तेलंगणात आहे तसे पाकिस्तानातील सिंध प्रांतातही आहे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्ये आहे. म्हणून स्थळनाम नेहमी वस्ती, शहर, राज्य, देश या क्रमाने पूर्ण लिहावे.

व्यक्तिनामांतही अशीच दक्षता हवी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. केशवराव कोरटकर यांचे पुत्र विनायकराव हे काही कागदपत्रांत कोरटकर, तर काहींत विद्यालंकार या नावाने आढळतात. ही नावे सूचीत एकमेकांशी जोडली नाहीत, तर एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात.

देवनागरीत नोंद करताना युनिकोडचाच वापर करावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट असलेल्या संगणकावर मराठी दिसत असला तरी अन्यत्र निरर्थक चिन्हांचा समूह ठरतो आणि शोधात सापडत नाही.

दिनांकाची शहानिशा

डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राबरोबर दिनांक व वेळ नोंदवितो. ही मोठी सोय आहे. पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर प्रत्येक चित्रावर चुकीचा दिनांक पडतो. जुने छायाचित्र स्कॅन केले असता फाइलमध्ये स्कॅन केल्याचा दिनांक येतो, मूळ प्रसंगाचा नाही. म्हणून छायाचित्र घेतल्याचा दिनांक आणि स्कॅन केल्याचा दिनांक या दोन नोंदी निरनिराळ्या ठेवाव्यात.

दिनांकातील चूक किती दूरवर जाते याचे एक उदाहरण हैदराबादच्याच इतिहासात आहे. बेगमपेठ विमानतळावर सातवे निजाम मीर उस्मान अली खान सरदार वल्लभभाई पटेल यांना हात जोडून अभिवादन करीत असल्याचे छायाचित्र सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९४८ मधील शरणागतीचा क्षण म्हणून ते वारंवार छापले जाते. वस्तुतः ते सरदार पटेलांच्या फेब्रुवारी १९४९ मधील हैदराबाद भेटीचे आहे. पाच महिन्यांच्या या फरकामुळे शिष्टाचाराच्या स्वागतप्रसंगाला शरणागतीचा अर्थ चिकटला. चित्र खरे असूनही त्याखालच्या ओळीमुळे त्याची साक्ष बदलली.

ज्या छायाचित्रावर दिनांकच नाही त्याचा काळ चित्रातील खुणांवरून अजमावता येतो. चिक्कडपल्लीच्या मुख्य रस्त्याचेच पाहू. रस्त्यावर मेट्रोचे पूल व स्थानक पूर्ण दिसत असेल तर ते चित्र अलीकडच्या वर्षांतले. या मार्गावरील मेट्रो वाहतूक ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली. वाहनाच्या क्रमांकपाटीवर टी.एस. ही अक्षरे असतील तर ते छायाचित्र जून २०१४ पूर्वीचे असू शकत नाही, टी.जी. असतील तर मार्च २०२४ पूर्वीचे नाही. ए.पी. अक्षरांवरून मात्र असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण जुन्या पाट्यांची वाहने राज्यनिर्मितीनंतरही धावत राहिली. अशा खुणांवरून ठरविलेला काळ अंदाज म्हणूनच नोंदवावा. ‘सुमारे १९६५’ ही प्रामाणिक नोंद आहे; निश्चित माहितीशिवाय घातलेला दिवस आणि महिना पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतो.

नोंद कोठे असावी

शोधशब्द स्वतंत्र यादीत ठेवले आणि छायाचित्र दुसरीकडे गेले तर दोघांची ताटातूट होते. यावर उपाय म्हणून नोंद छायाचित्राच्या फाइलमध्येच लिहिण्याची व्यवस्था वृत्तजगताने निर्माण केली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आय.पी.टी.सी. या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० नंतरच्या दशकात वृत्तछायाचित्रांसाठी शीर्षक, मजकूर, शोधशब्द, छायाचित्रकार, स्थळ, दिनांक आणि हक्क अशा नोंदींचे नमुने निश्चित केले. कॅमेऱ्याने आपोआप लिहावयाच्या नोंदींसाठी एक्झिफ हे प्रमाण १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झाले. पहिल्या प्रकारची नोंद माणसाने करावयाची आहे, दुसरी यंत्र करते, हा भेद लक्षात ठेवावा. यंत्राला वेळ कळते आणि उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाणही कळते. प्रसंगाचे महत्त्व त्याला कळत नाही.

या नोंदी लिहिण्यासाठी डिजिकॅमसारख्या विनामूल्य संगणक-प्रणाली उपलब्ध आहेत. प्रणाली निवडताना ती शोधशब्द केवळ आपल्या अंतर्गत सूचीत ठेवते की फाइलमध्येही लिहिते, हे तपासावे. केवळ अंतर्गत सूचीतील नोंदी संगणक बदलताच नाहीशा होण्याचा धोका असतो. तसेच व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून चित्र म्हणून पाठविलेल्या प्रतीचा आकार कमी होतो आणि तिच्यातील नोंदीही गळून पडतात. संग्रहासाठी छायाचित्रकाराकडून मूळ फाइलच मागवावी.

फाइलच्या नावातही थोडी माहिती असावी. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक आणि त्यापुढे स्थळ व अनुक्रमांक लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. सर्व संग्रहाच्या किमान तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य इमारतीत, हा नियम आग आणि पूर या दोन्हींपासून संरक्षण देतो.

जुन्या संग्रहांचे काम

नव्या छायाचित्रांची व्यवस्था एक वेळ सोपी. खरी निकड आहे ती जुन्या चित्रांची. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवली आणि सर्वसामान्य लोकांना त्यांवर शोधशब्द व माहिती लिहिण्याचे आवाहन केले. आलेल्या मजकुरात अनावश्यक भाग पुष्कळ होता; तरीही लोकांनी पुरविलेल्या माहितीची शहानिशा करून ग्रंथालयाला आपल्या शेकडो नोंदी सुधारता आल्या. माहिती लोकांकडे असते. ती तपासून घेण्याची जबाबदारी संस्थेची असते, हा यातील धडा आहे.

आपल्याकडे असे काम एका सभागृहात, एका दुपारीही होऊ शकते. मंडळाची किंवा शाळेची जुनी छायाचित्रे स्कॅन करून पडद्यावर दाखवावीत, ज्येष्ठ मंडळींना निमंत्रित करावे आणि सांगितलेले प्रत्येक नाव, सांगणाऱ्याचे नाव व दिनांक यांसह लिहून घ्यावे. दोन व्यक्तींनी निरनिराळी माहिती दिली तर दोन्ही नोंदवाव्यात. हैदराबादच्या मराठी कुटुंबांतून आणि मराठवाड्यातील गावागावांतून मुक्तिसंग्रामाच्या काळातील छायाचित्रे आजही पेट्यांमध्ये पडून आहेत. १९४८ साली जी व्यक्ती वीस वर्षांची होती तिचे वय आज पंच्याण्णवच्या पुढे आहे. ती छायाचित्रे पेटीत आणखी पन्नास वर्षे टिकतील. त्यांतील चेहरे ओळखणारे डोळे तितका काळ थांबणार नाहीत.

काही दक्षता

नोंद जितकी परिपूर्ण तितकी व्यक्ती सहज ओळखता येते. म्हणून प्रकाशनाविषयी दक्षता घ्यावी. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच विधिसंघर्षग्रस्त बालकांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. रुग्ण आणि अत्याचारपीडित व्यक्ती यांच्या बाबतीतही तीच संवेदनशीलता हवी. अशा चित्रांना ‘प्रकाशनार्थ नाही’ हा शोधशब्द प्रथम द्यावा आणि बाहेर देण्याच्या प्रतीतून नावे काढून टाकावीत. छायाचित्रकाराचे नाव आणि वापराचे हक्क यांची नोंदही विसरू नये. संगणकाने चेहऱ्यावरून सुचविलेले नाव जाणकाराने पाहिल्याशिवाय कायम करू नये.

नित्यक्रम

हे सर्व काम एकदम हाती घेतल्यास त्याचे ओझे वाटते आणि ते मागे पडते. सर्वप्रथम पन्नास-साठ मान्य शब्दांची सूची करावी. त्यानंतर प्रत्येक नव्या कार्यक्रमाची छायाचित्रे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नोंदवावीत. निकृष्ट व एकसारखी चित्रे आधी काढून टाकावीत, म्हणजे अडीचशेपैकी तीस-चाळीसच उरतात. सर्वांना समान असलेले स्थळ, दिनांक व कार्यक्रमाचे नाव एकाच वेळी सर्व चित्रांना जोडता येते. व्यक्तींची नावे तेवढी एकेका चित्राला द्यावी लागतात. हे काम साधारण तासाभराचे आहे. जुन्या संग्रहासाठी आठवड्यातील एक ठराविक तास राखून ठेवावा आणि ज्यांची माहिती देणारी माणसे वयोवृद्ध आहेत, ती छायाचित्रे सर्वांत आधी घ्यावीत.

चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात ज्या पुस्तकावर क्रमांक नाही ते कपाटात असूनही वाचकाच्या हाती लागत नाही. छायाचित्रांचेही तसेच आहे. प्रत्येक कार्यालयाने व मंडळाने आपल्या संग्रहातील एका जुन्या समूहचित्रापासून या कामास प्रारंभ करावा, त्यातील नावे जाणणारी व्यक्ती शोधून काढावी आणि तिने सांगितलेली नावे त्याच दिवशी नोंदवून घ्यावीत.